मुळांभोवतीचा कापूस

आधी नाव लिहून ठेवते, मग बाकीचं. खैरुनखाला. यवतमाळात लोहाऱ्याकडे जाणाऱ्या रस्त्याच्या आतल्या अंगाला राहणारी, रहीमचाचा पिंजाऱ्याची बायको. उंचीला कमी, अंगठ्यावर सुईचा घट्टा, आणि दम लागला तरी बोलणं न थांबवणारी. मी सातवीत शाळा सोडलेली बाई आज घरापासून इतक्या लांब, मावळातल्या एका नर्सरीत, बावीस बायांना रोजची कामं वाटून देते आणि महागड्या रोपांच्या मुळांकडे पाहून काय बिघडलंय ते सांगते, ते तिच्यामुळे. हे मी तिला तोंडावर कधी म्हटलेलं नाही. आमच्याकडे असं म्हणायची रीत नाही, आणि माझी तर जीभच त्या वर्षांत आत ओढून घेतल्यासारखी झाली होती. म्हणून नाव आधी. मधेच लिहिणं थांबलं तर निदान तेवढं कागदावर असेल.

आमचं गाव मुकुटबनच्या पुढे. त्या वर्षांत कापूस वेचून घरात आणायचा आणि घरातच ठेवायचा असं होऊन बसलं होतं. भाव नाही म्हणून लोक थांबायचे, आणि थांबले की तो आणखी खाली यायचा. समोरची खोली आढ्यापर्यंत भरलेली. आम्ही उरलेल्या जागेत, चुलीजवळ, भिंतीला पाठ लावून जेवायचो. वरणात तंतू, पाण्यात तंतू, अंगाला रात्रंदिवस खाज. शाळा मी त्याच्या आधीच सोडली होती. पुढची शाळा लांब होती आणि वेचणीला हात कमी पडत होते. त्याचं मला काही विशेष वाटलं नव्हतं. मग वेचणीच्या दिवसांतच माय तापानं पडली. तिची खाट त्या कापसाच्या ढिगाला लागून होती. आठव्या दिवशी तिला गिळता येईना, तेव्हा आत्यानं माझ्या हातात पाण्याची वाटी आणि कापसाचा बोळा दिला. म्हणाली, “व्हटाले लावत जाय. सुकू देऊ नको.” दोन दिवस मी तेवढंच केलं. बोळा बुडवायचा, पिळायचा, लावायचा. तिसऱ्या दिवशी सकाळी आत्यानं माझ्या हातातून वाटी काढून घेतली, तेव्हा मला समजलं. मी रडले नाही. रडणं यावं म्हणून वाट पाहिली, ते आलं नाही. त्यानंतर बरेच दिवस मी जेवले की नाही हेही मला आठवायचं नाही. कुणी विचारलं तर चुलीकडे पाहून सांगायचे.

रहीमचाचा दर हिवाळ्यात सायकलीला पिंजण बांधून आमच्या भागात यायचा. गावभर गाद्या पिंजायचा आणि मुक्कामाला आमच्या ओसरीत असायचा. त्या साली कुणीच गादी काढली नाही. घरोघरी कापूस होता, पण पिंजून घ्यायची इच्छा कुणाला नव्हती. तो दोन दिवस नुसताच बसून राहिला, बाबांसोबत विड्या ओढत. तिसऱ्या दिवशी म्हणाला, “देवरावभाऊ, पोट्टी बोलत नाही काय?”

“बोलत होती,” बाबा म्हणाले.

“आमच्याकडं राहू द्या थोडे दिवस. गादी शिवाले शिकन. खैरुनले सोबत होईन.”

आत्या आतून म्हणाली, “मुसलमानाच्या घरी पोरगी ठेवता काय आता?”

बाबांनी विडी विझवली. “वीस वर्सं तो आपल्या घरचं खाऊन राह्यला. तवा त काही झालं नाही. आता कायले होते?” मग माझ्याकडे न पाहता म्हणाले, “न्या.” बसमध्ये चाचानं मला खिडकीची जागा दिली. त्या प्रवासातलं मला फक्त एवढंच आठवतं की सायकल टपावर बांधली होती आणि प्रत्येक खड्ड्याला तिची घंटी आपोआप वाजत होती.

खालाच्या घरात आवाज फार. पुढच्या खोलीत पिंजायची मशीन धडधडायची, तिचा आवाज छातीत बसायचा. ती थांबली की सुनेची, फरजानाभाभीची, भांडी सुरू. भाभीचा नवरा ट्रकवर असायचा. पंधरा-पंधरा दिवसांनी यायचा. भाभीची जीभ तिखट होती, पण पहिल्या दिवशी माझ्या ताटात तुपाची धार तिनंच सोडली. ज्वारीची भाकर आणि खट्टी दाल, शुक्रवारी मटण घातलेला दालचा. मला चव लागायची नाही, तरी खायचे, कारण खाला समोर बसून पाहायची. आठवड्याभरात तिनं मला लांब सुई धरायला शिकवली. गादीचा टाका वरून दिसतो तेवढाच नसतो, आतल्या कापसाला किती ओढायचं ते बोटांना कळावं लागतं. हे काम मला जमलं. त्यात बोलावं लागत नव्हतं.

आणि अंगणात ते बांदे होते. कडुनिंबाच्या फांद्यांना आणि पडवीच्या बांबूला अकरा बांदे लटकवलेले, सागाच्या नाहीतर आंब्याच्या सालीच्या तुकड्यांवर गादीच्या पट्टेरी कापडाच्या चिंध्यांनी बांधलेले. आमच्या रानातही आंब्यावर, मोहावर हे असतात. जाड, लांबट पानं दोन्ही बाजूंना, आणि खालून बोटाएवढी पांढरी मुळं हवेत लोंबत. लोक त्याला बांडगूळ समजून तोडून टाकतात. खरं म्हणजे ते झाडाचं काही घेत नाही, नुसतं त्याच्या खांद्यावर बसतं. कळंबच्या रस्त्याला झाडं तोडली तेव्हा खाला चाचाची हातगाडी घेऊन स्वतः गेली होती. तोडणाऱ्यांनी विचारलं, बाई, जळणाला पाहिजे का. ती म्हणाली, जळण तुमचं तुम्हाला, मला तेवढं वरचं द्या. ते हसले आणि दिलं. हे आपल्याकडचं ऑर्किड, हे मला फार नंतर, इकडे आल्यावर कळलं. इथं काचेमागे, पंख्यांच्या वाऱ्यात वाढणाऱ्या रोपांना लोक ज्या अदबीनं हात लावतात ते पाहते तेव्हा मला गादीच्या चिंध्या आठवतात.

खाला बांद्यांना तोंडानं पाणी द्यायची. सकाळी माठातलं पाणी घ्यायचं, गाल फुगवायचे आणि मुळांवर फुर्र करून उडवायचं, धोबी कपड्यावर उडवतो तसं. धुक्यासारखं बारीक पडायचं. पांढरी मुळं डोळ्यांदेखत हिरवी व्हायची. मी गेले त्याच हिवाळ्यात रमजान आला. रोजा असताना तोंडात पाणी घ्यायचं नाही, म्हणून खालानं ते काम मला दिलं. पहिल्यांदा माझ्या तोंडून पाणी हनुवटीवरूनच गळलं. भाभी दारातून म्हणाली, “आधी अम्मी एकटीच झाडांवर थुकायची. आता हे दुसरी आनली.” खाला हसली. मीही हसायला पाहिजे होतं असं वाटलं, पण ओठ ओलेच राहिले.

“मुयाले पाह्य, पानाले नाही,” खाला शिकवायची. “पांढरी झाली म्हन्जे तहान लागली. हिरवी हाये तवर हात लावू नको. माती नको, खत नको. हवा पायजे.” मी कापसाच्या घरातली. माती आणि शेणखताशिवाय काही जगतं हे मला पटायचं नाही, पण ती सांगेल तसं करायचे. होळीच्या सुमाराला त्यातले तीन फुलले. पिवळट तपकिरी पाकळ्या, त्यांवर चौकडीसारख्या रेघा, मधे निळसर जांभळी जीभ. ऊन चढलं की वास यायचा. भाभी मशीनच्या खोलीतून उठून यायची, वास घ्यायची आणि काही न बोलता परत जायची.

चैत्रात गावचा एक माणूस बाबांचा निरोप घेऊन आला. आत्यानं माझ्यासाठी स्थळ पाहिलं होतं. वणीकडचा माणूस, बायको वारलेली, दोन पोरं. बाबा मृगाच्या आधी मला न्यायला येणार होते. मी शिवत होते, शिवतच राहिले. फक्त सुईत दोरा जाईना. खालानं माझ्या हातातून सुई घेतली, दोरा ओवला, परत दिली.

“तुले जायचं हाये काय?”

“काय मालूम.”

“नाही म्हनता येते काय तुले?”

 मला खरंच माहीत नव्हतं. ते घर, ती दोन पोरं, पुन्हा कापसानं भरलेली खोली, हे मला दिसायचं, पण ते माझ्याबद्दल आहे असं वाटायचं नाही. रात्री मात्र हात गार पडायचे, भर उन्हाळ्यात. खाला म्हणाली, “बरं. येऊ दे तुह्या बापाले. त्याच्यासंग मी बोलन.” त्या एका वाक्यावर मी पुढचे दिवस काढले. खाला बोलली तर बाबा ऐकतील. दुसरं कुणी माझ्यासाठी बोलणार नव्हतं.

आणि वैशाखात चाचाचा खोकला वाढला. जन्मभर कापसाची धूळ खाल्लेली छाती. यवतमाळच्या डॉक्टरांनी नागपूरला न्यायला सांगितलं. खाला त्याच्यासोबत निघाली. आठ दिवस म्हणाली होती, तीन आठवड्यांवर गेले. रिक्षात बसताना मला म्हणाली, “बांद्यांले सकाळी एकदा. जास्त लाड करू नको.” मी मान हलवली. पण माझ्या कानात शिरलं ते एवढंच, की बांदे माझ्या हवाली आहेत. माझ्या डोक्यानं हिशेब मांडला: ती येईल तेव्हा बांदे चांगले दिसले तर ती बाबांना म्हणेल, पोरगी कामाची आहे, राहू द्या. बांदे मेले तर ती कोणत्या तोंडानं म्हणेल?

ते ऊन ज्यांनी पाहिलंय त्यांना सांगायला नको. सकाळी नवालाच अंगणात पाय ठेववत नव्हता. मी फुर्र करून मुळं हिरवी करायचे आणि भांडी घासून येईस्तोवर ती पांढरी फटक. पानांना सुरकुत्या पडायला लागल्या. मी दुपारी पुन्हा दिलं. मग संध्याकाळीही. तरी पांढरीच. आज मला ठाऊक आहे की त्या झाडाला उन्हाळा असाच काढायचा असतो, आटून, गप्प बसून. रानात त्याला कोण पाणी पाजतं. तेव्हा मला ती मुळं म्हणजे सुकलेले ओठ दिसत होते. मशीनच्या खोलीत कापूस पडलेला होता, वाट्टेल तेवढा. त्या साली कापूस कुणी मोजत नव्हतं. मी धोकटीभर उचलला, बादलीत बुडवला, आणि एकेका बांद्याच्या मुळांभोवती गुंडाळून वरून चिंधीनं बांधला. ओल्या कापसाबद्दल माझ्या हातांना एकच गोष्ट माहीत होती.

भाभी आली. “काय करून राह्यली?”

“कापूस लावून राह्यली. ओल धरते.”

“अम्मीनं सांगतलं?”

“नाही.”

तिनं खांदे उडवले. “माह्यापेक्षा तुले जास्त समजते त्यातलं.” खरं तर दोघींनाही समजत नव्हतं.

दिवसातून तीन वेळा मी ते अकरा गोळे भिजवायचे, माठातल्या पाण्यानं पुरेना म्हणून बोअरच्या. कापूस संध्याकाळपर्यंत गार राहायचा. पहिले चार दिवस पानं जरा ताठ वाटली, आणि मला कितीतरी महिन्यांनी काहीतरी वाटलं. काय ते नीट सांगता येणार नाही. जेवताना दालीतला आंबटपणा जिभेला लागला, एवढं आठवतं.

दहाव्या दिवशी एक पान पिवळं झालं. मी पाणी वाढवलं. मग दुसरं, मग खालच्या बाजूनं सगळीच. एके सकाळी कळंबवाल्या बांद्याचं पान हात लावताच गळून माझ्या मुठीत आलं. त्याच्या देठाशी काळं पाणी होतं आणि डबक्याचा वास होता. मी ते पान उकिरड्यात पुरलं. गोळ्यावर आणखी कापूस गुंडाळला, वास बाहेर येऊ नये म्हणून. रोज थोडा थोडा चढवत गेले. सोडून पाहायची हिंमत झाली नाही. मला आत काय झालंय ते माहीत होतं, आणि तरी मी पाणी घालत होते. त्या दिवसांत मी घाबरले होते का, असं कुणी विचारलं तर हो म्हणेन, पण ती भीती पोटात नव्हती. ती लांब कुठंतरी, दुसऱ्याच्या घरात वाजणाऱ्या मशीनसारखी होती.

खाला परतली ती बाबा यायच्या दोन दिवस आधी. चाचाला धरून रिक्षातून उतरवलं, खाटेवर टाकलं, आणि पाणी प्यायला म्हणून अंगणात आली. निंबाला अकरा पांढरी गाठोडी लटकत होती. ती पाहत राहिली.

“हे कफन कायले घातलं यायले?”

 तिनं पहिल्याची गाठ सोडली. आतला कापूस करडा झाला होता. मुळं तपकिरी, बुळबुळीत; तिनं दोन बोटांत धरून ओढलं तर वरची साल मोज्यासारखी निघून आली आणि आत नुसता दोरा राहिला. तिनं वास घेतला. दुसरं सोडलं, तिसरं सोडलं. अकराही सोडून ओळीनं जमिनीवर ठेवले. मी भिंतीला टेकून उभी होते. भाभी दारात येऊन उभी राहिली.

“काहून केलं असं?” खालानं विचारलं. आवाज चढवला नाही.

तेव्हा मी सांगितलं. मायचे ओठ, वाटी, बोळा, आत्यानं दिलेलं काम. दोन दिवस. हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं. भाजी काय केली ते सांगावं तसं सांगितलं, एकाच सुरात, शेवटपर्यंत. खाला ऐकत जमिनीवर बसली. तिनं मला जवळ ओढलं नाही, डोक्यावर हात फिरवला नाही. बरं झालं, मला ते सोसलं नसतं. थोड्या वेळानं म्हणाली, “बेटा, तू यायले पानी पाजलं. यायले सास घ्यायचा होता.” मग म्हणाली, “पाती आन.”

चाचाच्या दाढीची पाती आणून दिली. तिनं सडलेलं कापायचं, मी कापलेल्या जागी दालचिनीची पूड दाबायची. भाभी पूड कुटून देताना पुटपुटली, “बिर्यानीले पुरत नाही अन् हे झाडाच्या जखमेले.” पण कुटत राहिली. सहा बांदे पार आतपर्यंत गेले होते. पाच पडवीत, सावलीत, मुळांशिवाय नुसते उलटे टांगले. “आता पानी नाही,” खाला म्हणाली. “दहा दिवस त्यायच्याकडं पाहू पन नको.”

बाबा आले ते सकाळच्या बसनं. डोक्यावर धुतलेली टोपी, हातात पिशवी, पिशवीत माझ्यासाठी नवी ओढणी. चाचाच्या खाटेशी बसले, तब्येत विचारली, चहा प्याले. मग म्हणाले, “वहिनी, पोरीले न्यायले आलो.”

“न्या न भाऊ. तुमची पोरगी हाये,” खाला म्हणाली. माझ्या हातातली कपबशी तशीच राहिली. “पन एक काम बाकी हाये तिचं. या इकडं.”

तिनं बाबांना पडवीत नेलं आणि ते पाच बोडके बांदे दाखवले. मग अंगणाच्या कोपऱ्यात पडलेले सहा. “हे तिनं बिघडवले,” ती म्हणाली. मला वाटलं, झालं, संपलं. बाबांनी एक बांदा हातात घेतला. शेतकऱ्याचा अंगठा, देठ दाबून पाहिलं, नखानं जरा खरवडलं.

“मेले काय?”

“चारेक जगतीन. पन बघनारं कोनी पायजे. मले आता याच्या खोकल्यातून सवड नाही, अन् सुनेले समजत नाही. जिनं बिघडवलं तिनंच सुधरवावं. नवी मुई फुटून पकड धरंपर्यंत.”

“किती दिवस?”

“दिवाई.”

बाबांनी हातातला बांदा फिरवून पाहिला. मशीन बंद होती. चाचाचा खोकला तेवढा ऐकू येत होता. “तिकडचे लोक दिवाईपर्यंत थांबनार नाहीत,” ते म्हणाले.

“नाही थांबले त नाही थांबले.”

तेव्हा बाबांनी माझ्याकडे पाहिलं. माय गेल्यापासून त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं नव्हतं; मीही त्यांच्याकडे नाही. “शीला, तुहं काय म्हननं हाये?”

मी म्हणाले, “मी बिघडवलं. मले राहावं लागन.”

बांदा त्यांनी हळूच परत दोरीला अडकवला. हात धुतले. बिघडवलेलं टाकून निघून जायचं नसतं, हे त्यांना समजत होतं. त्यांनी स्वतः बिघडलेली शेती सावरत जन्म काढला होता. जेवले, भाभीनं आग्रहानं आणखी एक भाकर वाढली ती खाल्ली, आणि ओढणी माझ्या हातात देऊन दुपारच्या बसनं गेले. जाताना एवढंच म्हणाले, “सरकी लावाले बाई लावून घेतो.” मी दारात उभी होते. आनंद झाला असं लिहायला आवडलं असतं. झाला नाही. मी आत आले आणि अर्धवट राहिलेली गादी शिवायला घेतली. सुईत दोरा पहिल्याच खेपेला गेला.

पाचातला एक पुढे मेलाच. चार राहिले. श्रावणात कचेरीजवळच्या आंब्यावरून आणलेल्या बांद्याच्या देठातून तांदळाच्या दाण्याएवढं हिरवं टोक बाहेर आलं. मी खालाला बोलावलं. तिनं डोळे बारीक करून पाहिलं, “हां” म्हणाली आणि चाचाचं औषध द्यायला आत गेली. मी तिथंच उभी राहिले, पुष्कळ वेळ. वणीच्या माणसाचं दुसरीकडे जमलं. दिवाळी आली आणि गेली. बाबा आले, मिठाई देऊन गेले, न्यायचा विषय त्यांनी काढला नाही, खालानं काढला नाही. मी त्या घरात आणखी सहा वर्षं राहिले. मग फोमच्या गाद्या आल्या, मशीन थांबली, आणि ओळखीच्या ओळखीनं मी इकडे आले. मालकानं पहिल्या दिवशी एक मरायला टेकलेलं रोप पुढे ठेवून विचारलं, याला काय करशील? मी म्हणाले, काही दिवस काही करणार नाही. त्यानं मला ठेवून घेतलं.

चाचा जाऊन बरीच वर्षं झाली. बाबाही गेले. भाभी मुलांसोबत नागपूरला आहे, आणि खाला त्याच घरात एकटी, जायला तयार नाही. गुडघे धरलेत, एका डोळ्यानं दिसत नाही. फोनवर तब्येतीचं विचारलं की ती बांद्यांचं सांगते. आणि मी दर वेळी म्हणते, हंगाम संपला की येते. हंगाम इथं कधी संपत नाही, हे तिलाही आता कळलं असावं. ती “हां” म्हणते आणि दुसरं काही बोलते. फोन ठेवल्यावर मला वाटतं, की या वेळचा शेवटचा तर नसेल.

तिनं माझ्या बापाकडे मृगापासून दिवाळीपर्यंतचे दिवस मागितले आणि मला मिळवून दिले. तेवढे मी तिला परत देणार आहे. एका खेपेत, सुट्टीच्या चार दिवसांत नाही; पूर्ण. तिची भाकर मी टाकीन, तिला डॉक्टरकडे नेईन, सकाळी ती सांगेल तेवढंच पाणी त्या झाडांना उडवीन, आणि तिला जितकं बोलायचं तितकं बोलू देईन. मालकाला अजून सांगितलेलं नाही. इथं लिहून ठेवते आहे, खैरुनखाला, म्हणजे मला मागे फिरता यायचं नाही. मी येईन.